कळमेश्वर विधानसभा मतदारसंघ कुठे गेला?

वेणाकाठची (हिंगणा)

नमस्कार मंडळी. आजीच्या जुन्या मतदार ओळखपत्रावर विधानसभा मतदारसंघ म्हणून ‘कळमेश्वर’ छापलेलं आहे. माझ्या कार्डावर ‘हिंगणा’ आहे. खुद्द कळमेश्वरला राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या कार्डावर ‘सावनेर’ आहे. आजी लग्नानंतर जन्मभर हिंगण्यालाच राहिली, पण मत द्यायची ती कळमेश्वरच्या आमदाराला. तिचं माहेर आणि सासर दोन्ही एकाच मतदारसंघात. आज तीच दोन घरं दोन वेगळ्या आमदारांकडे आहेत आणि कळमेश्वर हे नाव विधानसभेच्या यादीत कुठेच नाही.

घरी विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. बाबा म्हणतात, विदर्भाच्या जागा कमी केल्या, त्यात कळमेश्वर कापला गेला. मामा अजूनही चिडून सांगतो की हिंगण्याच्या पुढाऱ्यांनी एमआयडीसीच्या जोरावर नाव पळवलं. काकूचं म्हणणं की जागा राखीव झाली म्हणून सगळं बदललं. तिघंही छातीठोकपणे बोलतात.

आमच्या वाचनालयासाठी मी हिंगणा तालुक्याची माहितीपुस्तिका तयार करते आहे. त्यात निवडणुकांचं एक पान आहे. २००९च्या मागे गेलं की हिंगणा मतदारसंघ सापडतच नाही, आणि ‘त्याआधी कळमेश्वर’ एवढ्या तीन शब्दांत ते पान संपवायला माझं मन तयार नाही. कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा. आजीचं नाव जुन्या मतदार यादीत शोधायचं असेल तर कुठल्या मतदारसंघाखाली पाहायचं, हेही हवं आहे.

खामल्याचा पंकज

ताई, तुमचा अख्खा मतदारसंघ गेला, आमचा दोन भागांत फुटला. मी पहिलं मत २००४मध्ये दिलं ते नागपूर पश्चिममध्ये. तेव्हा देवेंद्र फडणवीस विरुद्ध काँग्रेसचे रणजित देशमुख अशी लढत होती आणि फडणवीस निवडून आले. २००९ला तेच घर, तीच शाळा, पण मतदारसंघ नागपूर दक्षिण-पश्चिम. उमेदवारही तेच, फडणवीस. म्हणजे आमचे आमदार आमच्यासोबत नव्या मतदारसंघात आले, आणि नागपूर पश्चिम हे नाव गिट्टीखदान-काटोल रोडकडच्या लोकांकडे राहिलं. तिथून २००९ला भाजपचेच सुधाकर देशमुख आले.

त्यामुळे कुणी मला ‘नागपूर पश्चिमचा इतिहास सांग’ म्हटलं की मी आधी विचारतो, २००९च्या आधीचा की नंतरचा? नाव एक असलं तरी मतदार बरेचसे वेगळे आहेत. १९९९, २००४ आणि २००९ची मतं एकाखाली एक मांडून ‘इतकी वाढली, इतकी घटली’ म्हणणारे तक्ते फिरत असतात, त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. तुमच्या पुस्तिकेत असा तक्ता घालू नका ही कळकळीची विनंती.

कळमेश्वरबद्दल जाणकार सांगतील. अव्वल कारकून काका, आहात का?

निवृत्त अव्वल कारकून

आहो बाप्पा, आहो. ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. नोकरीतली बरीच वर्षं मी तहसीलच्या निवडणूक शाखेत काढली आणि हा सगळा बदल त्याच टेबलावर बसून पाहिला. जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

आधी तुमच्या घरच्या तीन उत्तरांचं पाहू.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. २००८च्या मतदारसंघ फेररचनेत (परिसीमनात) विदर्भाच्या जागा ६६च्या ६२ झाल्या, हे खरं. राज्याच्या एकूण जागा २८८च राहिल्या, आणि लोकसंख्या मुंबई-ठाण्याकडे वाढली, म्हणून जागाही तिकडे गेल्या. एकट्या ठाणे जिल्ह्याच्या १३ होत्या, त्या २४ झाल्या. पण त्या विदर्भातल्या घटीत नागपूर जिल्हा नव्हता. आपल्या जिल्ह्याच्या ११ जागा होत्या, त्या १२ झाल्या. म्हणजे आपल्याकडे एक वाढली.

कशी, ते कागदावर करून बघा. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजारांच्या वर. भागिले २८८. एका जागेमागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. नागपूर जिल्हा ४० लाख ६७ हजार. भाग घातला की १२ आणि थोडंसं वर. त्यातलं एकटं नागपूर शहर २० लाख ५२ हजार, म्हणजे ६ जागा. उरलेल्या ग्रामीण भागालाही ६.

आता जुनी यादी घ्या. शहरात उत्तर, पूर्व, दक्षिण, मध्य, पश्चिम अशा ५. ग्रामीणमध्ये काटोल, सावनेर, रामटेक, कामठी, उमरेड आणि कळमेश्वर अशा ६. नवी यादी: शहरात त्याच ५ आणि वर पंकजभाऊंची दक्षिण-पश्चिम. ग्रामीणमध्ये काटोल, सावनेर, रामटेक, कामठी, उमरेड आणि हिंगणा. ग्रामीणच्या आधीही ६, नंतरही ६. तेव्हा पुस्तिकेत ‘कळमेश्वरची जागा कापली’ असं लिहू नका. जागा शाबूत राहिली. हद्दी फिरल्या आणि नाव गेलं.

काकूंचा गोंधळ कुठून आला असेल तेही सांगतो. कळमेश्वर खुला होता आणि हिंगणाही खुला आहे. त्याच फेररचनेत उमरेड विधानसभा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली आणि आपली रामटेक लोकसभाही राखीव झाली. रामटेक म्हणजे नरसिंह राव १९८४ आणि १९८९ला जिथून निवडून आले ती जागा, कळमेश्वर तिच्यातच होता. एकाच वेळी एवढं बदललं की लोकांच्या डोक्यात सगळं एकत्र होऊन बसलं.

आता मामांचं. हा आरोप मी वर्षानुवर्षं ऐकला, कार्यालयात येऊन लोक तावातावाने बोलायचे. पण हे काम पुढाऱ्यांच्या मतदानावर चालतच नाही. २००२च्या परिसीमन कायद्याखाली आयोग नेमला गेला, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतात. त्यांना बोलता येतं, वेगळं मत नोंदवता येतं, पण मत देण्याचा किंवा आदेशावर सही करण्याचा अधिकार नसतो. अंतिम आदेशाला कायद्याचं बळ असतं आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९प्रमाणे त्यावर न्यायालयात जाता येत नाही.

मग हिंगणाच का? माझं उत्तर असं की ३० वर्षं कुलूप लावून ठेवलेली हद्द होती. आजींच्या कार्डावरचा कळमेश्वर हा १९७१च्या जनगणनेवर, १९७६च्या आदेशाने आखलेला. त्या हद्दीवर १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा सात विधानसभा झाल्या. १९७६च्याच ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली, त्यामुळे हद्दींना कुणी हात लावला नाही. पण माणसं थांबतात का? हिंगणा एमआयडीसीत कारखाने भरले. वाडी फुगली. डिगडोह, निलडोह, वानाडोंगरी इथे प्लॉट पडले, कामगारांची घरं झाली. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आली. १९७१ला जिथे ज्वारी-कापूस होता तिथे २००१पर्यंत मतदार याद्यांचे भागच्या भाग वाढले. कळमेश्वरकडेही एमआयडीसी आहे, पण तिथली वाढ हिंगणा-वाडीच्या मानाने सावकाश. जास्त माणसं शहराच्या या अंगाला आली, त्यामुळे नव्या मतदारसंघाचा मध्यही इकडे सरकला.

हे काम गावागावावर बोट ठेवून होत नाही. तालुका, मग महसूल मंडळ म्हणजे काही साझ्यांचा गट, फार तर तलाठी साझा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं. मंडळ उचलायचं आणि इकडून तिकडे ठेवायचं, लोकसंख्येची बेरीज जुळेपर्यंत. मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. म्हणून कळमेश्वर शहर शेजारच्या सावनेरला जोडलं गेलं, आणि हिंगणा तालुका अधिक नागपूर ग्रामीण तालुक्याचा भाग मिळून हिंगणा मतदारसंघ झाला.

आता माझं स्वतःचं मत. सावनेर-कळमेश्वर ही जोडी मला पटते. दोन्ही तालुके एकमेकांना लागून, धापेवाड्याच्या विठोबाला आणि आदाशाच्या गणपतीला जाणारी माणसं दोन्हीकडची. व्यवहार एक आहे. पण हिंगणा मतदारसंघ मला आजही पटलेला नाही. अमरावती रोडवरची वाडी आणि वर्धा रोडवरची बुटीबोरी एकाच आमदाराकडे! कायद्याचं कलम ९ सांगतं की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर हवा, दळणवळणाची सोय आणि जनतेची सोय पाहायला हवी. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला विळ्यासारखी वळलेली ही हद्द आहे, सलग म्हणाल तर सलग आहे. पण वाडीच्या माणसाचे प्रश्न शहराच्या सांडपाण्याचे आणि आतल्या खेड्यातल्या माणसाचे प्रश्न पांदण रस्त्याचे. जुना कळमेश्वरही असाच लांबट होता, हे कबूल. त्यातून शिकून नवा तरी बरा आखायला हवा होता.

एक गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट तुमच्या पानावर नक्की घाला. कळमेश्वर एका दिवसात संपला नाही. नव्या हद्दींचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ला लागू झाला. पण कायद्यात स्पष्ट आहे की चालू विधानसभा विसर्जित होईपर्यंत तिच्यातल्या प्रतिनिधित्वाला धक्का नाही. मध्ये पोटनिवडणूक लागली असती तर तीही जुन्याच हद्दीवर झाली असती. आणि १६ एप्रिल २००९ला लोकसभेचं मतदान झालं ते मात्र नव्या हद्दीवर! म्हणजे त्या उन्हाळ्यात तुमच्या आजींनी लोकसभेचं मत ‘हिंगणा’ विभागात टाकलं आणि त्यांचे आमदार अजून ‘कळमेश्वर’चेच होते. १३ ऑक्टोबर २००९ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा हे दुहेरी प्रकरण मिटलं. कळमेश्वर नावाने शेवटचं सार्वत्रिक मतदान १३ ऑक्टोबर २००४ला झालं होतं. तारीखही तीच, बरोबर पाच वर्षं.

त्या शेवटच्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे रमेश बंग निवडून आले होते. २००९ला ते हिंगण्यातून उभे राहिले आणि भाजपचे विजय घोडमारे जिंकले. २०१४, २०१९ आणि २०२४ला समीर मेघे. तिकडे कळमेश्वर शहरासाठी २००९पासून सुनील केदार आमदार झाले, २०२४ला आशिष देशमुख. माणसांची ही यादी लोकांना पाठ असते. हद्दीचं कुणी सांगत नाही, म्हणून मी एवढं लिहिलं.

आम्ही त्या काळात काय केलं तेही सांगतो. यादीचा प्रत्येक भाग नव्याने बांधायचा होता. जुन्या यादीचा भाग घ्यायचा, त्यातलं गाव कुठल्या मंडळात येतं ते पाहायचं, मग तो भाग नव्या मतदारसंघाच्या गठ्ठ्यात टाकून नवा क्रमांक द्यायचा. काही ठिकाणी एकाच भागात दोन वस्त्या असायच्या, एक इकडे जाणारी, एक तिकडे. तिथे यादी फोडून घरांच्या अनुक्रमाने नावं वेगळी काढली. कोतवालाला बरोबर घेऊन मी एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. भिंतीवर मागच्या निवडणुकीचा केंद्र क्रमांक गेरूने लिहिलेला होता. त्याने चुन्याचा हात मारला, वाळू दिला आणि त्याच चौकटीत नवा मतदारसंघ, नवा क्रमांक लिहिला. पहिल्या वर्गाची खोली तीच, बाकं तीच. बाहेर ओट्यावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “साहेब, आमचं गाव हललं नाही न, मंग पाटी काहून हलली?” मी त्यांना लोकसंख्येचा हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग आता अर्ज कोनाकडे न्यायचा?” हा प्रश्न खरा होता, आणि पुढची दोन-तीन वर्षं लोक जुन्याच माणसांकडे अर्ज नेत राहिले.

क्रमांकांचंही ध्यानात ठेवा. नवे क्रमांक नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू होतात, तो १. आपल्याकडे काटोल ४८, सावनेर ४९, हिंगणा ५०, असे रामटेक ५९पर्यंत. आजींच्या कार्डावरचा तिरक्या रेघांचा, ‘एमटी’ने सुरू होणारा क्रमांक जुन्या व्यवस्थेतला. त्यावरून आजच्या यादीत शोधू नका.

नागरिकशास्त्राच्या बाई, धंतोली

कारकून साहेबांनी १९७६नंतरचं इतकं छान मांडलं आहे की मी फक्त त्याच्या मागचं जोडते. निवृत्तीपर्यंत शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आणि माझा अनुभव असा की नागपूरच्या मुलांना हा भाग कुणी सांगतच नाही.

आपल्या भागातल्या माणसाने, गाव न सोडता, लागोपाठ तीन निवडणुकांत तीन वेगळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी मत दिलं आहे. १९५२ला मध्य प्रदेश. तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी, रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री, आणि विधानसभा भरायची ती इथेच, सिव्हिल लाइन्सच्या आजच्या विधान भवनात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. म्हणून १९५७चं मत मुंबई राज्याच्या ३९६ सदस्यांच्या विधानसभेसाठी. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि १९६२चं मत महाराष्ट्राच्या २६४ जागांच्या विधानसभेसाठी. पुढे १९६७ला २७० आणि १९७८ला २८८.

ताई, तुमच्या आजी त्या वेळी मतदार असतील तर त्यांच्या वयाची २१ वर्षं पूर्ण असणार. १८ वर्षांचा नियम १९८९मध्ये आला.

आणखी एक, जे आज कुणाला खरं वाटत नाही. १९५२च्या मध्य प्रदेश विधानसभेत मतदारसंघ १८४ आणि आमदार २३२! कारण ४८ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, त्यातली एक जागा राखीव. अशा ठिकाणी मतदाराला दोन मतं असायची. माझे वडील शिक्षक, तेव्हा त्यांना मतदान केंद्रावर ड्यूटी लागली होती. शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने आडोशामागे जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. वडील सांगायचे की एक आजीबाई आडोशामागे गेल्या त्या बाहेरच येईनात. जाऊन पाहणं तर नियमात बसत नाही. शेवटी बाहेरूनच हाक मारली, तेव्हा आतून उत्तर आलं की पेटीला आधी हळदीकुंकू लावते आहे. वडिलांनी त्यांना घाई केली नाही.

दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१च्या कायद्याने बंद झाले. तेव्हाही कितीतरी मतदारसंघ फोडले गेले, हद्दी हलल्या. म्हणजे २००८ला जे झालं ते पहिल्यांदा झालं नाही. ‘कळमेश्वर’ अशी एका ओळीत १९५२पासूनची आमदारांची यादी देण्याचा मोह टाळा. निवडणूक आयोगाच्या प्रत्येक निवडणुकीच्या सांख्यिकी अहवालात मतदारसंघनिहाय निकाल आहेत, ते एकेक उघडा, आणि प्रत्येक वेळी हद्द कुठल्या आदेशाची होती हे शेजारी लिहा. मेहनत आहे, पण तुमच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना ते पान खरंच उपयोगी पडेल.

चुलबंदकाठचा

मी मूळ भंडारा जिल्ह्यातला, आता नोकरीनिमित्त मानेवाड्याला. कळमेश्वरवाल्यांनो, तुमची जागा तरी दुसऱ्या नावाने राहिली. आमचा लाखांदूर गेला तो जागेसकट. १९९९ आणि २००४ला नाना पटोले तिथून काँग्रेसचे आमदार होते, २००९ला ते साकोलीतून भाजपकडून आले. लाखांदूर आता साकोलीत. विदर्भाच्या ज्या जागा कमी झाल्या त्यांचा भार आमच्याकडच्या भागाने उचलला, हे विसरू नका.

वर्ध्याचा पुलगाव गेला, जिथून प्रभा राव निवडून यायच्या. त्याच्या जागी देवळी आलं. चंद्रपूरचा सावली गेला, शोभाताई फडणवीसांचा. आमच्या तालुक्यातली माणसं अजून बोलताना ‘लाखांदूर क्षेत्र’ म्हणतात. एखादा तालुका विधानसभेच्या यादीतून गेला की मुंबईत बसलेल्या माणसाच्या कानावर ते नाव पडायचंच बंद होतं. अधिवेशनात ‘लाखांदूरचे सन्माननीय सदस्य’ असं पुकारायचे, ते आमच्या आबाजींना रेडिओवर ऐकून केवढं वाटायचं! याची भरपाई लोकसंख्येच्या भागाकारात होत नाही.

वेणाकाठची (हिंगणा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची पोस्ट बाबा, मामा आणि काकू तिघांनाही वाचून दाखवली. मामाचं समाधान झालं नाही, तो म्हणतो सहयोगी सदस्यांचं वजन असतंच. पण ११च्या १२ झाल्या हे ऐकून बाबा कागद-पेन घेऊन भागाकार करत बसले आणि उत्तर तेच आलं.

बाई, तुम्ही म्हणता तसं प्रत्येक निवडणुकीसमोर हद्दीचा आदेश लिहिते. पान आता चार पानांचं होईल, होऊ दे.

दोन गोष्टी राहिल्या. आजीचं नाव नेमकं कसं शोधू? आणि पुढच्या फेररचनेत आपण सामान्य माणसांनी काही करायचं म्हटलं तर कधी आणि काय करायचं?

निवृत्त अव्वल कारकून

ताई, मामांचं पूर्ण चुकीचं आहे असं मीही म्हणणार नाही. वजन असतं, पण ते कागदावर आणावं लागतं. त्यावरच येतो.

आधी आजींचं. २००८च्या आधीची यादी असेल तर ती ‘कळमेश्वर’ नावाखालीच असणार, हिंगण्याखाली नाही. मतदारसंघ धरा, मग गाव, मग यादीचा भाग. भाग क्रमांक माहीत नसेल तर गावाच्या शाळेच्या नावाने शोधा, कारण मुखपृष्ठावर मतदान केंद्राचं नाव असतं. नाव सापडलं नाही तर पतीच्या नावाने ओळी पाहत जा. जुन्या याद्यांत बाईच्या नावाची अक्षरं हमखास चुकायची, पतीचं नाव आणि घर क्रमांक बहुधा बरोबर असायचा. आजींच्या शेजारच्या घरांची नावं आठवत असतील तर तीही कामी येतील, यादी घरांच्या ओळीने चालते.

ऑनलाइन नाही मिळालं तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत लेखी अर्ज द्या. तोंडी विचारू नका, कुणालाच आठवत नसतं. अर्जात जुन्या मतदारसंघाचं नाव, गाव आणि साधारण वर्ष लिहा, आणि कार्डाची झेरॉक्स जोडा. पोच घ्या.

आता फेररचनेचं. घटनेप्रमाणे २००१च्या जनगणनेवरच्या या हद्दी २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आकडे आले, नवा कायदा आणि आयोग झाला, की पुन्हा तीच मंडळं उचलून ठेवायचं काम सुरू होईल. मागच्या वेळेसारखीच पद्धत राहिली तर आधी प्रस्तावाचा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी तारीख देतात आणि मग जाहीर सुनावणी होते. मागच्या वेळी आमच्याकडे चौकात रोज चर्चा व्हायची, पण मसुद्यावर लेखी हरकत घेऊन येणारा माणूस मला भेटला नाही.

हरकत लिहिताना ‘आमच्या गावावर अन्याय’ एवढंच लिहिलं तर ती बाजूला पडते. मंडळाचं नाव, त्याची लोकसंख्या, तालुक्याच्या ठिकाणापासून अंतर, एसटी कुठून कुठे जाते, बाजार कुठला, आणि ते मंडळ काढलं तर बदल्यात दुसरं कुठलं जोडता येईल, हे सगळं हवं. दोन्ही बाजूंची बेरीज जुळवून दिली तर आयोगाला ती वाचावीच लागते. मतदारसंघाच्या नावाबद्दलही सूचना करता येते. ‘सावनेर-कळमेश्वर’ असं जोडनाव मागायला काय हरकत आहे? विदर्भातच अर्जुनी-मोरगाव असं नाव आहे.

तुमच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर हिंगणा आणि कळमेश्वर दोन्ही तालुक्यांच्या महसूल मंडळांची यादी आणि प्रत्येकातली गावं छापा. तहसीलमध्ये ती मिळते. मसुदा येईल त्या दिवशी लोकांना आधी तीच लागेल. टंकलेखन झालं की मला पाठवा, गावांची नावं मी तपासून देतो.